आक्काचा डावा पाय

४ नोव्हेंबर, सोमवार

सहादेवा,

पत्रिका छापायला टाकायचीय. छापखानेवाला दोनदा फोन करून इचारतोय, मुलीच्या मामाचं नाव काय टाकू म्हणून. राजेश्वरीचं लग्न आठ डिसेंबरला धरलंय, ते ज्योतीनं तुला सांगितलंच असंल. तर मामा म्हणून तुझं नाव टाकू का नको, तेवढं कळव. टाकलं आन् तू आला न्हाईस तर मांडवात माणसं मला इचारणार. न टाकलं तरी इचारणारच.

फोनवर तू "बरं हाय आक्का" म्हणतोस आन् ठेवून देतोस. म्हणून हे लिहायला बसले. सातवीनंतर मी पत्र लिहिलेलं न्हाई, तवा बोलते तसंच लिहिते, चुका काढत बसू नको. गहिनीनाथ रोज सकाळी दुधाची गाडी घेऊन नगरला येतो, सावेडीत तुमच्या बिल्डिंगखालनंच जातो म्हणे. त्याच्याकडं देते. बरोबर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हाय. लसूण कमी घातलाय.

काल भाऊबीजेला पाट मांडला हुता. मांडला आन् उचलला. जाऊ दे ते.

एक गोष्ट सांगते आन् गप बसते. मी तुला लाथ मारलेली न्हाई. गावात बोलतात, पुष्पानं सख्ख्या भावाच्या पाठीत लाथ घातली, मणका सरकला आन् त्याला आता लघवी-संडासचंबी कळंना झालंय. बोलणाराच्या तोंडाला हात कोण लावणार? मी पायाळू हाय, आईच्या पोटातनं पायाकडनं आले, हे सगळ्या वाडीला ठाऊक. सात वर्षांची असल्यापासनं माणसं माझ्याकडं येतात. उसण भरली, पाठ धरली की पालथी झोपतात, मी डावा पाय तीन येळा लावते, न बोलता, आन् ती उठून चालायला लागतात. एवढ्या वर्सांत कुणाचं काय वाकडं झालं? तुझ्याबी पाठीला चैत्रात मी नुसता पाय लावला. हळू लावला. पोराला थोपटावं तसा.

नावाचं कळव.

तुझी आक्का


९ नोव्हेंबर, शनिवार

सहादेवा,

डबा परत आला. धुतलेला, आन् आत चिमूटभर साखर.

आता ह्याचा अर्थ काय लावू मी? कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, हे आईनं तुला शिकवलं हुतं. ज्योतीच्या माहेरी तसलं काय न्हाई, ती आपली घासूनपुसून रिकामा धाडती. म्हंजे साखर तू टाकलीस. मग साखर टाकायला हात उठतो तर दोन वळी लिहायला का उठत न्हाई? का ज्योतीनंच टाकली, माझ्यावर दया आली म्हणून? गहिनीनाथला खोदून खोदून इचारलं, दार कुणी उघडलं? तो म्हणतो, "फटीतनं हात आला वो काकू, बाईचा का बाप्याचा ते बघितलं न्हाई." गाढवाला हाताकडं बघता येत न्हाई.

हितं एक भानगड झाली. शेजारची पंकजा, रामभाऊची सून, परवा वाकडी हुऊन माझ्या दारात आली. कापसाचं गाठोडं उचलताना कमरेत उसण भरली. सासू बरोबर. म्हणाली, पाय लाव. मी म्हणाले, मी सोडलंय ते. सासू म्हणाली, "भावाचं झालं म्हणून गावानं पाठीच्या दुखण्यानं मरायचं का?" पंकजा बिचारी वट्यावर पालथी झोपलीसुद्धा.

मी पाय उचलला आन् तो खाली येईना. शपथ सांगते, हवेतच ऱ्हायला. तिच्या पाठीकडं बघते तर तुझीच पाठ दिसाय लागली, ती कंपनीची निळी बनियन. पाय खाली घेतला आन् म्हणाले, "ऊठ पोरी, डॉक्टरकडं जाऊ." सासू रागानं निघून गेली. रामहरी म्हणाले, "एवढं एक काम येत हुतं तुला, तेबी गेलं." तुझ्या दाजींना बोलायला काय लागतं?

मागच्या पत्रात हळू लावला असं लिहिलं. तिसरा पाय तेवढा हळू न्हवता. तूच म्हणालास जोरात दे. आन् तवा आतनं कट् असं वाजलं. तुला आलं हुतं का ऐकायला? मी मनाशी म्हणाले, बरं झालं, उसण सुटली.

नावाचं अजून कळवलं न्हाईस.

आक्का


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सहादेवा,

पंकजाला घेऊन सुप्याला गेले हुते. दवाखान्यात तरणी डॉक्टरीण हाय, राजेश्वरीएवढीच. तिनं पंकजाला पाय वर करायला लावले, टाचेवर चालवलं, आन् मग इचारलं, बसायच्या जागी बधिर वाटतं का, लघवीला साफ होते का, कळते का. पंकजा लाजून माझ्या पदराआड तोंड लपवायला लागली. मी तिला दटावलं, सांग नीट. तिला तसलं काय न्हवतं. नुसती उसण. गोळ्या दिल्या, आठ दिवस वाकू नको म्हणाली.

निघताना मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हणाले, मॅडम, समजा एखाद्याच्या पाठीला कुणी पाय लावला...

"लाथ मारली?"

"पाय लावला."

"किती जोरात?"

आता किती जोरात हे कसं सांगायचं? मी म्हणाले, मधला. ती हसली न्हाई. मग मी सगळं सांगितलं, नाव न सांगता. मणक्यातली गादी सरकली, खालच्या नसांचा झुपका दाबला गेला, आपरेशन झालं तरी त्या माणसाला लघवी-संडासचं अजून कळत न्हाई. मॅडम, पायानं झालं का?

ती म्हणाली, सांगता येत नाही मावशी. गादी आधीच सरकलेली असेल. पायानं वाढलं असेल, पाय न लावताही वाढलं असतं. असं काही करू मात्र नये. मग तिनं मलाच इचारलं, "बधिरपणा पायाच्या आधी होता की नंतर? लघवी कधी अडली? आधी अडली असेल तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. ह्या दुखण्यात दिवस मोजत नाहीत, तास मोजतात."

मी म्हणाले, मला काय ठाऊक मॅडम, मी शेजारीण.

सहादेवा, मला ठाऊक हाय. आन् तुलाबी ठाऊक हाय की मला ठाऊक हाय. आता लिहितेच.

चैत्रातल्या त्या रविवारी तू पालथा झोपला हुतास. पहिला पाय लावला तवा तू घोंगडीत तोंड खुपसून म्हणालास, "आक्का, आज सकाळपासनं बुडाला काय लागंना झालंय. सायकलच्या शिटावर टेकतं तेवढं समदं मेल्यागत. लघवीबी व्हईना." मला बोलता येत न्हवतं. तीन पाय हुईस्तवर तोंड उघडायचं न्हाई, उघडलं तर गुण जातो, असं आईनं घोटून घेतलेलं. म्हणून मी मुकाट्यानं दुसरा लावला. मग तिसरा.

तिसऱ्यानंतर तर तोंड मोकळं हुतं ना माझं? मी काय म्हणाले? धण्याचं पाणी पी. उन्हानं हुतं कधी तसं. तू म्हणालास, ज्योतीला सांगू नको, लाज वाटती. मी बरं म्हणाले. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तुझं पोट फुगून टम्म झालं तवा ज्योती तुला रिक्षात घालून घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. रडत हुती. "आक्का, तुमच्यापाशी काय बोलले हुते का हो ते आधी?" मी म्हणाले, न्हाई बाई.

हे आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. लोकं माझ्या पायाला बोल लावतात, तवा खरं सांगू, मला आतनं बरंच वाटतं. पायाच्या नावानं खडे फोडतात तोवर माझ्या तोंडाकडं कुणी बघत न्हाई. तू मात्र बघत असशील. म्हणूनच येत न्हाईस, असं मी धरून चाललेय.

ज्योतीला हे पत्र वाचून दाखव. न्हाई दाखवलंस तर मी सोता येऊन सांगीन. तिनं मला काय बोलायचं ते बोलू दे.

आक्का


२१ नोव्हेंबर

आक्का,

साखर मीच टाकली.

पत्रिकेत नाव टाकू नको. रागानं सांगत न्हाई. मला उभं ऱ्हायला जमणार न्हाई. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढतो, माझा मीच. मधेच कधी गळती, गळली तरी मला कळत न्हाई. हात लावून बघितल्याबिगर ओलं का कोरडं ते उमगत न्हाई. संडासचं तर वासावरनंच कळतं. श्रावणात ज्योतीच्या भावाकडं पूजेला गेल्तो, उठलो तर सतरंजीवर डाग. मोठ्यांनी नजरा वळवल्या. त्या घरातली लहान पोरं मात्र बघत हुती. तवापासनं मी जिन्याखाली उतरलो न्हाई. पिवळ्या साडीतल्या भाचीच्या मागं मी कसा उभा ऱ्हाऊ?

आन् दुसरं. तू लिहिलंस ते समदं खरं हाय, पण मी तुला अर्धंच सांगितलं हुतं. रविवारी सकाळपासनं न्हवतं ते. शुक्रवारी कंपनीत पेटी उचलताना कमरेत काहीतरी सटकलं आन् संध्याकाळीच बूड बधिर झालं. शनिवारी तसाच ड्यूटीवर गेलो. थेंब थेंब व्हायची, म्हणलं हुईल बरं. सुट्टी मागायची तर काय म्हणून मागायची? सुपरवायझरला मुताचं कसं सांगायचं?

नगरला डॉक्टरनं इचारलं, कधीपासनं? ज्योती शेजारी उभी. मी म्हणालो, रविवारी बहिणीनं पाय लावला तवापासनं. असं का म्हणालो ते मला अजून कळत न्हाई. पाच दिवस लपवलं हे बायकोपुढं सांगवलं न्हाई. तोंडातनं निघून गेलं, आन् मग ज्योतीनं तिच्या आईला सांगितलं, तिनं आणिक कुणाला, आन् गावात तेच झालं. मी खोडलं न्हाई ते. रोज म्हणायचो, आज आक्काला फोन करून सांगतो. तुझा फोन आला की बरं हाय म्हणून ठेवायचो.

ज्योतीला काल दोन्ही सांगितलं, तुझंबी आन् माझंबी. ती गच्चीत जाऊन बसली. खाली आली ती तुझं पत्र हातातनं घेऊन पुन्हा वाचत बसली.

आता सांग, कुठल्या तोंडानं येऊ?

सहादेव


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आरं मुडद्या,

सात महिने! सात महिने मी ह्या पायाकडं बघत बसले. अंघोळीला बसले तरी त्याच्याकडंच बघत हुते, पंकजाच्या पाठीवर तो हवेत धरून उभी ऱ्हायले, राजेश्वरी पाया पडायला वाकली तर मी मागं सरकले, माझ्या पायाला हात लावू नको म्हणून. आन् तू तिकडं चिमूटभर साखर टाकतोस व्हय रं? समोर असतास तर कान पिळला असता, तुझ्या पाठीचं काय व्हायचं ते हू दे.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग पुन्हा डोकं फिरलं. रामहरी म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, सहादेव शुक्रवारचा हाय, रविवारचा न्हाई. ते म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?

खरंच न्हाई ठिकाणावर. शुक्रवारी झालं म्हंजे रविवारी मी बोलले असते तरी उशीरच झाला असता का? का तरी काय वाचलं असतं? माझा पाय नसता पडला तर थोडं कमी गेलं असतं? त्या डॉक्टरणीला पुन्हा इचारलं तर ती पुन्हा म्हणंल, सांगता येत नाही. तुझं किती आन् माझं किती, हे आता कुठल्या तराजूत घालायचं? मला तर सुचंनासं झालंय. तुझ्यावर रागावू का तुझी माफी मागू, हेच कळत न्हाई. आज दोन्ही केलं समज.

आता कामाचं ऐक. पत्रिका सोमवारीच छापून आल्यात. तुझं नाव टाकलंय, मोठ्या अक्षरात. तुझ्या उत्तराची वाट बघितली न्हाई. बरोबर एक धाडलीय, बघ.

लग्न आपल्याच दारात हाय. मांडवामागची कांद्याची खोली रिकामी करून शेणानं सारवलीय. दाराला आतनं नवी कडी बसवली. आत बादली, साबण, आरसा, खुंटी, खुर्ची. तुझी नळीची पिशवी ठेवायला फळी ठोकलीय. जादाच्या दोन पँटी आण, एकाच रंगाच्या आण, म्हंजे बदललेली कुणाला कळायची न्हाई. मुहूर्त बारा पस्तीसचा. बाराला खोलीत जाऊन मोकळा हो, मग चार वाजेपर्यंत घोर न्हाई. गुरुजींना सांगितलंय, मंगलाष्टकं पाचच म्हणायची. ते म्हणाले, का हो बाई? मी म्हणाले, आमच्यात पाचच असतात.

राजेश्वरीला एवढंच सांगितलं की मामाला फार येळ उभं ऱ्हावत न्हाई. ती म्हणाली, मग मामा खुर्चीवर बसून मागं ऱ्हाईल, त्यात काय एवढं?

कुठल्या तोंडानं येऊ म्हणतोस. तुला दुसरं तोंड हाय का? तेच घेऊन ये.

आक्का


११ डिसेंबर, बुधवार

सहादेवा,

पाहुणे गेले, मांडव उतरला, कांद्याच्या खोलीत पुन्हा कांदे भरले. तुझी एक राखाडी पँट खुंटीलाच ऱ्हायली हुती. धुऊन, वाळवून गहिनीनाथकडं देते.

जाताना गाडीत बसल्यावर ज्योतीनं माझा हात धरला आन् म्हणाली, "तुम्ही मला त्या दिवशी खरं सांगायला पायजे हुतं आक्का." मी म्हणाले, व्हय. तिनं हात सोडला न्हाई तेवढं बघितलं मी. तिच्या मनातनं गेलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई.

आता तू खोलीत पँट बदलताना दाराआडनं जे इचारलंस, त्याचं सांगते. तू म्हणालास, "आक्का, खरंच झालं हुतं का गं?" मी बाहेरनं म्हणाले, मला काय ठाऊक, मी तुळशीपासनं तेवढ्यात आत आले हुते. ते खोटं हुतं.

मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं, हे तुला म्हाईत हाय. कळशी भरून मी परसात गेले. पण सगळं गणित त्या वरातवाल्यांनी बिघडवलं. बारा पस्तीसचा मुहूर्त, आन् नवरदेव डीजेपुढं नाचत नाचत मांडवात आला साडेतीन वाजता! तू बाराला मोकळा झालेला. त्यात गुरुजी माझं ऐकून पाचावर थांबायला तयार, तर नवऱ्याकडच्या दोन मावश्यांनी माईक धरला, आम्ही सोता रचलेलं म्हणणार म्हणून. तुळशीपाशी माझा जीव ऱ्हाईना. कळशी घेऊन तशीच मांडवाच्या मागच्या बाजूनं आले आन् कनातीच्या फटीतनं बघितलं.

तू राजेश्वरीच्या मागं उभा हुतास. खुर्चीवर बसला न्हाईस, येडा. पाठ ताठ, फेटा जरा वाकडा. मला रडू फुटलं. आन् तेवढ्यात मला तुझ्या पँटीवर मागं तळहाताएवढं काळं दिसलं. तुझ्यामागं समदी वऱ्हाडी मंडळी मोबाईल वर धरून उभी, अक्षता पडल्या की तू वळणार, आन् तुला तर काय कळतच न्हवतं.

इचार केला न्हाई मी. आत आले, कळशी तुझ्या टाचेमागं टेकवली आन् डाव्या पायानं तुझ्या अंगावर उडवली. धाडकन आवाज झाला. तू कमरेखाली भिजलास, गुरुजींचं धोतर भिजलं, एका मावशीचा शालू भिजला. माईक खरखरून बंद पडला, ते एक बरं झालं. रामहरी ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" आन् ती शालूवाली म्हणाली, "हीच ना ती पायाळू? हिचा पाय लागला म्हंजे काय खरं न्हाई बाई!" समदे हसले. तूबी हसलास. मीबी हसले, लई दिवसांनी.

मग तू कोरडी पँट घालून पंगतीला बसलास, दोन बुंदीचे लाडू खाल्लेस, ते मी बघितलं. निघताना पाया पडायला आलास आन् तुला वाकता येईना. म्हणालास, आक्का, पाय जरा वर कर. मी वट्याच्या कठड्याला धरून उभी ऱ्हायले आन् पाय वर केला, तो डावाच निघाला. तू त्याला हात लावलास. गार हुता तुझा हात.

आता तुझ्या सवालाचं. मला डाग दिसला असं मी म्हणते. पण काल रामहरी त्याच जागी मांडवाची दोरी सोडत हुते, तर कनातीच्या झालरीची सावली त्यांच्या पँटीवर अगदी तिथंच पडली, तेवढीच, तळहाताएवढी. मी बघतच ऱ्हायले. तवा तुझं खरंच झालं हुतं का नुसती सावली हुती, ते आता मलाबी सांगता येत न्हाई. पँट तर सगळीच भिजलेली. तुला तर कळलंच न्हाई. म्हंजे हे कुणालाच कधी ठाऊक हुणार न्हाई, चैत्रातल्यासारखंच.

पण कळशी मी सांडली. मुद्दाम सांडली, डाव्या पायानं, आन् चांगली जोरात. तेवढं एक मला पक्कं ठाऊक हाय. कुणी इचारलं तर खुशाल सांग, आक्काच्या पायानं झालं.

तुझी,
पुष्पाआक्का